खुर्चीमागचा केर

तिला सगळे चकाचक म्हणतात. आईबापांनी नाव चांगलंसं ठेवलं होतं, पण ते आता डॉक्टरच्या चिठ्ठीपुरतं उरलंय. केस काळे होते तेव्हापासून ते पांढरे होईपर्यंत एका मोठ्या कचेरीच्या तळमजल्याची फरशी तिच्या हाती होती. दारातून आत आलेला माणूस आधी खाली बघायचा, मग स्वतःच्या बुटांकडे बघायचा आणि चोरासारखा भिंतीच्या कडेकडेने जायचा, अशी ती फरशी. एकदा म्हणे साहेब मागच्या दाराने आले. ‘पुढे चकाचक पुसतेय, बोलणी कोण खाणार,’ म्हणाले. ही गोष्ट ती सगळ्यांना सांगायची, आणि दर वेळी त्या साहेबांना एक बढती मिळालेली असायची.

काम सुटलं तरी हात सुटले नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या तीन खोल्यांच्या घरात भाकरीचा तुकडा पडायचा अवकाश, तो जमिनीला टेकायच्या आत ही झाडू घेऊन हजर. लेक म्हणायची, “आई, निदान कप ओठाला लागू दे, मग बशी धू.”

“डाग वाळला की कोण घासणार? तू?”

नवरा जन्मभर शहराची बस चालवत होता. अजूनही त्याला ड्रायव्हरच म्हणतात. निवृत्त झाला, आणि बसबरोबर त्याचा आवाजही डेपोत जमा झाल्यासारखं झालं. खिडकीशी एक जड लाकडी खुर्ची होती, तिच्यात तो सकाळी बसला की संध्याकाळीच उठायचा. रस्त्यावर कोणी आडवं धावलं की बसल्या जागी त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. तेवढाच काय तो जिवंतपणा. चकाचक झाडता झाडता तिथे पोचली की म्हणायची, “पाय वर घ्या.” तो पाय वर घ्यायचा. “उठा की जरा, मागचं झाडायचंय.” “उठतो,” म्हणायचा आणि उठायचा नाही. खुर्ची आणि भिंत यांच्यामधला तो हातभर कोपरा घरातला एकमेव कोपरा होता जिथे तिचा झाडू पोचत नव्हता. तो तिच्या डोळ्यांत सलायचा. पण त्याहून जास्त काय सलत होतं, ते ती कोणाला सांगत नव्हती. माणूस घरात होता आणि घर मुकं होतं.

म्हणून लेकीने कुत्रा आणला. भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून. मातकट रंग, एक कान उभा, एक पडलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

“बाबांना सोबत होईल,” लेक म्हणाली.

“मी काय मेलेय का?”

“तू सोबत कुठे करतेस आई? तू पुसतेस.”

चकाचकने नाक मुरडलं. “चार दिवसांचा पाहुणा आहे, ठेव.” झालं, त्याचं नाव पाहुणाच पडलं.

निवाऱ्यातली पोरगी बरोबर आली होती. गोड बोलणारी, पण नियमाला पक्की. हा कुत्रा बाजारामागच्या उकिरड्यावर वाढलेला, सडकं-कुजकं खाऊन याचं पोट नाजूक झालंय, तेव्हा याला फक्त हे पिशवीतलं कोरडं खाणं घालायचं, दुसरं काही नाही. पंधरवड्याने ती वजनाचा काटा घेऊन येणार. अंग धरत असेल तर कुत्रा तुमचा. नसेल तर परत नेणार, दुसरं घर बघणार.

चकाचकने पिशवी उघडून बघितली. खडीसारखे तपकिरी दाणे. “हे खाणं आहे? याने तर बांधकाम होईल.” आणि पोरीची पाठ वळताच तिने पाहुण्याला कोमट दूध आणि उकडलेलं मटण घातलं. तो मिटक्या मारत जेवला. रात्र होईपर्यंत त्याने बाहेरच्या खोलीपासून मोरीपर्यंत सगळी फरशी रंगवून ठेवली.

ती बादली घेऊन गुडघ्यांवर बसली. कुत्रा कोपऱ्यात थरथरत होता. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, “गाडीने तेल सोडलंय.”

तिने मान वर केली. ड्रायव्हर स्वतःहून बोलला होता! ती हसली ती इतकी हसली की पोछा बाजूला ठेवून डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा दाराला नखं घासायला लागला तर ड्रायव्हरच उठला. पायात चपला सरकवल्या आणि त्याला घेऊन खाली गेला. परत आला तो बातम्या घेऊन. कोपऱ्यावरच्या बँकेला नवा रंग दिलाय, आपल्या जुन्या मार्गाची बस आता शाळेवरून वळते, आणि नवा ड्रायव्हर ते वळण इतकं वाईट घेतो की बघवत नाही. तो बोलत होता आणि चकाचक ओट्याशी पाठमोरी उभी राहून ऐकत होती. मागे वळून बघितलं तर हा थांबेल, अशी तिला धास्ती वाटत होती.

त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं की पाहुण्याने जायचं नाही.

पण पाहुणा खाईना. स्टीलचं नवं भांडं आणलं, खाली धुतलेलं फडकं अंथरलं, दाणे घातले. तो यायचा, वास घ्यायचा, तोंडभर दाणे उचलायचा आणि बाहेरच्या खोलीच्या मधोमध नेऊन भसकन फरशीवर सोडायचा. चकाचक सुपडी-झाडू घेऊन मागोमाग असायचीच. झर्र झर्र, एका दमात सगळं सुपडीत. पाहुणा झाडूकडे बघायचा, शेपूट पायांत घालायचा आणि खुर्चीमागे जाऊन बसायचा. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. निवाऱ्यातल्या पोरीला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली कोमट पाण्याचा हबका मारून बघा. मारला. भांडं बदललं. शेवटी तिने स्वतःचं जेवायचं ताट त्याच्यापुढे केलं, जे तिने आजवर सख्ख्या बहिणीलाही वापरू दिलं नव्हतं. तळहातावर धरलं तर हळूच उचलायचा, आणि नेऊन खाली टाकायचा.

“थुंकतो हो मेला,” ती खालच्या शिंपिणीला म्हणाली. “तोंडात घेतो आणि थुंकतो.”

शिंपिणीच्या तोंडात टाचण्या होत्या, तरी ती बोललीच, “अगं, तुझ्या घरात मलाही घास गिळत नाही. वाटतं, आता तोंड उघडलं तर ही दातसुद्धा पुसून काढेल.”

“तू आपली शिलाई बघ.” आणि चकाचक दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

इकडे पाहुण्याच्या बरगड्या आहेत तशाच. पंधरवडा सरत आला. पोरीचा फोन आला. “काकू, उद्या दुपारी येते. खात नसेल तर हट्ट करू नका. काही कुत्र्यांना काही घरं मानवत नाहीत. तुमचा दोष नाही.”

तुमचा दोष नाही! चकाचकला ते चपराकीसारखं लागलं. आणि त्याहून वाईट म्हणजे ड्रायव्हरने ऐकलं. तो जाऊन खुर्चीत बसला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. अगदी पूर्वीसारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर आणि पाहुणा फिरायला गेले. दुपारी पोरगी येणार म्हटल्यावर चकाचकने कंबर कसली. सगळं घर झाडून झालं आणि नजर रिकाम्या खुर्चीवर गेली. आता कसा सापडलास! तिने दम धरून खुर्ची ओढली, झाडू उचलला आणि तशीच थांबली.

केर होता. बोटभर जाडीचा, कित्येक महिन्यांचा. पण ती उकिडवी बसली आणि निरखून बघायला लागली. फरशीवरून बूट कोणाचे गेले, चहा कोणी सांडला, कोण दारातच घुटमळला, हे तिला नुसतं खाली बघून कळायचं. थुंकलेला दाणा अख्खा राहतो. इथे अख्खा एकही नव्हता. अर्धे कुरतडलेले, चुरा झालेले, भुगा झालेले दाणे होते. आणि त्या धुळीत मध्येच वाटीएवढी स्वच्छ गोल जागा होती, चाटून चाटून लख्ख केलेली. जिथे तिचा हात कधी पोचला नव्हता, तिथे कोणीतरी जिभेने पोछा मारला होता.

चकाचक मटकन खुर्चीत बसली. तो थुंकत नव्हता. तो पान वाढून घेत होता. जन्मभर जमिनीवरचं वेचून खाल्लं त्याने, त्याला भांडं काय माहीत? तो आपला घास नीट खाली मांडायचा आणि खायला वाकला की ही बया झाडू घेऊन उभी! उकिरड्यावर झाडू घेऊन आलेल्या माणसाने त्याला कधी पोटभर जेवू दिलं असेल? इवलेसे चार दाणे तो चोरून खुर्चीमागे न्यायचा, तेवढ्यावर जगला होता.

“आणि मी म्हणते थुंकतो,” ती मोठ्याने म्हणाली.

मग ती झाडू आणि सुपडी घेऊन तडक खाली शिंपिणीकडे गेली. “हे ठेव तुझ्याकडे. मी मागितलं तरी देऊ नकोस.”

शिंपिणीने मशीन थांबवलं. “बरी आहेस ना? डॉक्टरला बोलावू?”

पाहुणा फिरून आला तेव्हा ती खोलीच्या मधोमध मूठभर दाणे घेऊन उभी होती. मूठ उघडेना. जन्मात तिने फरशीवर मुद्दाम काही टाकलं नव्हतं. डोळे मिटले आणि बोटं सोडली. दाणे टपटप उडाले, काही पार पलंगाखाली गेले.

ड्रायव्हर उंबऱ्यातच थिजला. “हे तुझ्या हातून सांडलं?”

“टाकलं. बसा गप्प.”

पाहुण्याने तिच्या एका हाताकडे बघितलं, मग दुसऱ्या. दोन्ही रिकामे. त्याने एक दाणा उचलला. कुर्रम. मग दुसरा. चुरा चारी बाजूंना उडत होता आणि चकाचक स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली होती. मध्येच ती जरा हलली तर तो थांबला. ती दगड झाली. तो पुन्हा खायला लागला. पलंगाखालचा दाणासुद्धा त्याने हुडकून काढला.

दुपार झाली. खोलीभर भुगा, त्यावर पायांचे ठसे. पोरगी यायची वेळ झाली तशी चकाचकच्या जिवाची तगमग सुरू झाली. परकं माणूस हे बघणार? ती धडधडत जिना उतरून शिंपिणीच्या दारात गेली. शिंपिणीने लगेच झाडू पुढे केला. “घे. मी काय कुलपात ठेवणार होते?”

चकाचक झाडूकडे बघत राहिली. झाडलं तर पोरीला दिसणार काय? चकचकीत फरशी आणि हडकुळा कुत्रा.

“नको,” ती म्हणाली. “तूच तुझं घर झाडून घे. गरज आहे.”

वर येऊन तिने गच्चीतली पिवळी पाटी काढली. काम सुटलं तेव्हा कचेरीतून तडा गेलेली म्हणून मागून आणलेली, ‘ओली फरशी, जपून चाला’ लिहिलेली. ती तिने दाराशी उभी केली.

“पुसलंय का काकू?” पोरीने दारातच पाय आखडता घेतला.

“नाही. जेवण चालू आहे. कडेकडेने ये.”

पोरीने वजन केलं. आधीपेक्षा थोडं कमीच भरलं. तिचा चेहरा पडला, ड्रायव्हरचाही. चकाचक काही सांगत बसली नाही. तिने पिशवीतून मूठ भरली आणि परक्या माणसासमोर, स्वतःच्या घरात, फरशीवर सडा घातला. पाहुणा आला. पोरीकडे वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने. कुर्रम, कुर्रम, दाणा दाणा वेचत शेवटी तो पोरीच्या पायापाशी आला आणि तिथलाही एक उचलून गेला.

पोरीने वाकून खाली उरलेला भुगा बघितला. मग तिने काटा पिशवीत घातला. “वजन येईल मागाहून,” ती म्हणाली. “नाव काय ठेवलंत?”

“पाहुणा.”

“आता कसला पाहुणा?”

“आता बदललं तर ओ देणार नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “बसची पाटी बदलली म्हणून बस बदलत नाही.” आणि पाहुण्याला घेऊन तो बस वळते ते वळण बघायला निघून गेला.

झाडू दोन दिवसांनी वर आला. आता पाहुणा फिरायला गेला की मगच तो निघतो. बरगड्या झाकल्या गेल्या, पडलेला कान मात्र पडलेलाच आहे. ती साहेबांची गोष्ट मागे पडलीय. आल्या-गेल्याला चकाचक हीच गोष्ट सांगते, मान ताठ करून, आणि दर वेळी त्या दुपारचा केर आधीपेक्षा थोडा वाढलेला असतो.