'ल'च्या खणातला नाग

श्रावणाच्या तोंडावरचा सोमवार, १९७२. हजर: मी, पेंगणारे दोन वर्तमानपत्रवाचक आणि ग्रंथालयातले कारकून.

माझा निबंध लोकरूढीतल्या सापावर होता. छापील आधार नसेल तर तो परत येईल, असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं. म्हणून मी ग्रंथसूचीच्या कार्डांचे खण उपसत होते. 'साप' नाही, 'नाग' नाही, 'सर्प'ही नाही.

कारकून मूळचे खापा गावचे. खुर्चीवर बसण्याआधी ते वाकून तिच्याखाली बघत आणि टेबलाचा खण वाजवून मगच उघडत. मला ती नुसती लहर वाटायची.

"साप कुठे ठेवलेत हो?" मी वैतागून विचारलं.

ते दचकले. "हळू बोला नं, बाई! नाव काहून घेऊन राहिल्या? 'ल'मध्ये पाहा. लांबडं."

खरंच, तिथे त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली गठ्ठाभर कार्डं होती.

"ग्रंथपाल साहेबांना चालतं हे?"

"रागावले होते. म्या म्हटलं, तुमीच लिहा मंग. त्यायनंबी नाई लिहिलं."

पुस्तकं मिळाली. पण नाव टाळण्याच्या रूढीला त्या कार्डांइतका पक्का आधार एकाही पुस्तकात नव्हता. तळटीपेत तुमचं नाव घालू का, असं मी विचारलं.

"माहं नाव? त्याच्यासंगं एकाच पानावर? नाई जी!"

बाकी सगळे संदर्भ लागले आहेत. ती एक तळटीप अजून कोरी आहे. उद्या पुन्हा जाणार आहे आणि या वेळी 'त्या'चं नाव न घेता विचारणार आहे.