मध्यंतराला मामा बोलले

फोनवर ते मान हलवून होकार देतात. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करत बसतो.

घरी आलेल्या पाहुण्याच्या शर्टाची कड चिमटीत धरून आधी कापड बघतात. मग बसायला सांगतात. तेही हातानेच.

वर्तमानपत्र दिसलं की टोकाला टोक जुळवून घडी घालतात. दुसरा कुणी ते वाचत असला तरी.

हसू आलं की मिशीवर हात ठेवतात. त्यामुळे त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही.

आपल्या टीमने गोल केला की मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देतात. गोल खाल्ला तरी देतात.

आमच्या लाँड्रीत सगळे त्यांना मामा म्हणतात. जावईही मामाच म्हणतो. खरा हक्क एकट्या त्याचा, पण तो गर्दीत वाया जातो.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. शहरातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. मामा इस्त्रीखात्याचे मुकादम. मी साहित्यात एम. ए. केलं आणि आवक विभागात बसलो. गाठोड्यांना कापडी पट्ट्या बांधतो आणि पट्ट्यांवर इस्पितळांची नावं लिहितो. माझं लेखन दर आठवड्याला धुतलं जातं.

लाँड्रीची फुटबॉलची टीम आहे. ती कारखान्यांच्या लीगमध्ये खेळते आणि मामा तिचे कोच आहेत. एके काळी ही टीम हरत नसे. समोरच्या टीमचे लोक आमच्याशी मॅच असली की आधीच घरी सांगून यायचे, आज लवकर येतो, रडून झालं की लगेच निघतो.

याचं कारण इस्त्रीखात्यात होतं. जुने रोलर सुरू झाले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त तोंडाची वाफ लागायची. म्हणून सगळं खातं हातांनी बोलायचं. कॉलर ओढली की 'आत ये'. कोपर चोळलं की 'मागे सरक'. टीममधले सगळे त्याच खात्यातले. मैदानात बाकीचे कोच घसा फाडून ओरडायचे आणि त्यांची चाल आमच्या लोकांनाही ऐकू जायची. मामा लाइनीबाहेर उभे राहून कोपर चोळायचे. बघणाऱ्यांना वाटायचं, माणसाला डास चावतायत.

त्यांची हुकमी चाल म्हणजे घडी. मोठी चादर दोघांनी दोन टोकांना धरायची आणि एकमेकांकडे चालत यायचं. तसेच आमचे दोन गडी दोन बाजूंनी यायचे आणि चेंडूवाला मध्ये दुमडला जायचा. मामा दोन हात लांब पसरून जवळ आणायचे. तेवढं पुरायचं.

मध्यंतराला ते एक अक्षर बोलत नसत. संत्रं सोलून एकेकाला फोड देत. ज्याला फोड मिळाली नाही तो दुसऱ्या हाफमध्ये जीव तोडून पळे.

मग नवी मशिनं आली. ती घुर्र एवढाच आवाज करतात आणि चादरीची घडीही स्वतःच घालतात. जुने लोक निवृत्त झाले. नवीन पोरांनी आयुष्यात कुणासोबत चादर धरलेली नाही. मामांनी कॉलर ओढली की डाव्या बाजूचा पोरगा बाहेर ओरडतो, "अरे, मामांना उकडतंय! पाणी द्या कुणीतरी!"

मध्यंतरातली शांतता तर पोरांना फारच आवडते.

"आपले कोच एकदम कूल आहेत," गोलकीपर म्हणाला. "डोकं खात नाहीत." आणि त्याने स्वतःला न मिळालेली फोड शेजाऱ्याच्या हातातून घेऊन खाल्ली.

टीम हरायला लागली. आधी मोठ्यांकडून, मग बरोबरीच्यांकडून, मग पोस्टाच्या टीमकडून. पोस्टाकडून आजवर कुणीच हरलं नव्हतं.

लाँड्रीसमोरच्या न्हाव्याच्या दुकानात विषय एकच. मी मान खाली घालून बसलो होतो, मानेवर वस्तरा होता.

"मामांचा हात गेला," न्हावी म्हणाला.

"वय झालं हो," बाकावरचा पेन्शनर म्हणाला.

"वय माझंही झालंय. माझा हात गेलाय का?"

पेन्शनरने माझ्या मानेकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी मामांना बोलावलं. टीमचा चिटणीस म्हणून मीही गेलो. टीममध्ये लिहितावाचता येणं म्हणजे चिटणीस होणं.

"मामा, शेवटची मॅच," साहेब म्हणाले. "टायरवाल्यांशी. हरलो तर खालच्या गटात जाऊ. मग टीम यांच्याकडे द्यावी लागेल."

'हे' म्हणजे साहेबांच्या व्यायामशाळेतला ट्रेनर. तो शेजारच्या खुर्चीत टॅबलेट घेऊन बसला होता. त्यावर बाण होते, लाल आणि निळे.

मामांनी मान हलवली. हो की नाही, ते साहेबांना कळलं नाही. मला कळलं. हो.

जिन्यात ते थांबले. मला वाटलं, खूण करतील. पण ते बोलले.

"तू शिकलेला आहेस. पोरांना बोललेलं लागतं. काहीतरी लिहून दे. मध्यंतराला म्हणतो."

मी रात्रभर जागून लिहिलं असतं, पण दुपारच्या सुट्टीतच झालं. इतकी वर्षं कुणी मला काही लिहायला सांगितलं नव्हतं. सुरुवात 'मुलांनो' अशी होती. पुढे पराभवाची छाया होती, क्षितिज होतं, आणि चेंडू हा नियतीचा गोल असल्याचं एक वाक्य होतं.

तालीम मामांच्या स्वयंपाकघरात झाली. मामी भाजी चिरत होत्या.

"पराभवाच्या छायेत उभे असताना..." मामांनी ओट्याला टेकून सुरुवात केली.

"छायेत कशाला उभे?" मामी म्हणाल्या. "त्या मैदानात झाड कुठाय?"

मी ते वाक्य खोडलं.

"क्षितिजापलीकडे पाहा..."

"क्षितिजापलीकडे पाहा म्हणे. इथे चष्म्याशिवाय तुम्हाला मीठ दिसत नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "अरे, यांनी लग्नाला होकारसुद्धा मानेने दिला. माझ्या वडिलांना वाटलं, मान अवघडलीय. तेल पाठवलं होतं चोळायला."

मामांनी मिशीवर हात ठेवला.

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा त्यांना," मामी म्हणाल्या. "नियती-बियती राहू दे."

शेवटी चार वाक्यं उरली. मुलांनो. तुम्ही मला माझ्या लेकरांसारखे आहात. मला तुमची काळजी वाटते. आणि शेवटचं, ज्यात खरी चाल होती: दोन्ही बाजूंनी आत या आणि घडी घाला.

मॅचच्या दिवशी टायरवाल्यांनी पहिल्या हाफमध्ये एक गोल केला. मामांनी घड्याळाला किल्ली दिली. साहेब खुर्चीत होते. ट्रेनर त्यांच्या मागे उभा राहून बाण फिरवत होता.

मध्यंतराला पोरं बाकांवर पसरली. मामांनी संत्रं काढलं नाही. ते मध्ये येऊन उभे राहिले आणि घसा खाकरला. मी ओठ हलवत होतो, अडले तर सांगावं म्हणून.

"मुलांनो," मामा म्हणाले.

गोलकीपरच्या हातून पाण्याची बाटली पडली.

"तुम्ही मला माझ्या लेकरांसारखे आहात."

मग जावई उठला. जावई टीमचा कॅप्टन आहे आणि लाँड्रीची गाडी चालवतो. चादरी उतरवायला रोज इस्पितळात जातो. तिथल्या भिंतीवर अर्धांगाच्या झटक्याची लक्षणं सांगणारा एक फलक आहे, तो त्याला पाठ आहे.

"मामा," तो हळू आवाजात म्हणाला, "दोन्ही हात वर करा बघू."

मामांनी गोंधळून एकच केला.

"डावा उठत नाहीये!" गोलकीपर किंचाळला.

"गप रे. मामा, आता हसून दाखवा. हसा."

मामा कधीच उघड हसलेले नाहीत. तरी जावयाचा शब्द म्हणून त्यांनी प्रयत्न केला. मिशीचं एक टोक वर गेलं, दुसरं जागेवर राहिलं.

"तोंड वाकडं झालं! झोपवा, झोपवा त्यांना!"

चौघांनी त्यांना उचलून बाकावर आडवं केलं. कुणी पट्टा सैल केला, कुणी जर्सीने वारा घातला. मी ओरडत होतो, "अरे, ते भाषण आहे! मी लिहिलंय!" एकाने मला बाजूला ढकललं. "तू कशाला स्वतःवर ओढून घेतोस? धीर धर."

"मला तुमची काळजी वाटते," मामा बाकावरून म्हणाले.

दोन पोरं रडायला लागली.

रेफ्री धावत आले. एरवी ते दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी मामांचं तोंड उघडून आत पाहिलं.

"दाढ किडलीय," ते म्हणाले. "बाकी मला सांगता येणार नाही. इस्पितळाची गाडी बोलवा. तोवर खेळ सुरू करतो, नियमाप्रमाणे."

गाडी येईपर्यंत मामांना उठू द्यायचं नाही, असा जावयाने हुकूम सोडला. दोन राखीव खेळाडू त्यांचे पाय धरून बसले.

मी मामांच्या डोक्याशी होतो. टायरवाल्यांचा लंबू चेंडू घेऊन आमच्याच बाजूने, बाकांसमोरून चालला होता. मामांनी मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. पडल्यापडल्याच त्यांनी दोन्ही हात लांब पसरले आणि जवळ आणले. घडी.

"मामा हात झाडतायत!" डाव्या बाजूचा पोरगा ओरडला.

आमचा एक तिकडून धावला, एक इकडून धावला. दोघांनाही मामांपर्यंत पोचायचं होतं. लंबू मध्ये होता. तो दोघांमध्ये चादरीसारखा दुमडला आणि चेंडू बाहेर निसटला. तोही मामांकडे धावत आलेल्या जावयाच्या वाटेत. जावयाने वैतागून त्याला लाथ घातली, वाटेतला दगड लाथाडावा तशी. टायरवाल्यांचा गोलकीपर टाचा उंचावून आमच्या बाकाकडे बघत होता. चेंडू त्याच्या खांद्यावरून जाळ्यात गेला.

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सगळे मामांभोवती उभे होते.

त्यानंतर टायरवाल्यांनी आमच्या बाकाच्या बाजूने एकदाही चेंडू आणला नाही. चांगली माणसं. आजारी माणसाच्या अंगावर खेळायचं कसं? ते फक्त पलीकडून येत, आणि पलीकडे आमचे सगळे उभे असत. शेवटी एका कॉर्नरला कुणाच्या तरी गुडघ्याला लागून दुसरा गोल झाला. आम्ही जिंकलो. तेव्हा गाडी मामांना घेऊन फाटकातून बाहेर पडत होती आणि अख्खी टीम तिच्यामागे पळत होती.

इस्पितळात काही निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? मामांनी अंगाखालच्या चादरीची कड चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "ही आमच्याकडे धुतलेली नाही."

दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात निकाल लागला होता.

"नाटक! सगळं नाटक!" न्हावी हातातली कात्री नाचवत होता. "समोरच्यांना रडवलं आणि गोल मारला. याला म्हणतात डोकं! कोण म्हणत होतं, मामांचा हात गेला?"

"तुम्हीच," पेन्शनर म्हणाला.

साहेबांनी मामांना पुढचा मोसम दिला, वर थर्मास दिला. ट्रेनरने टॅबलेटवर नवा बाण काढला. तो बाकाकडे जात होता. "सर, एक विचारायचं होतं," तो मामांना म्हणाला. "पडायचं नेमकं कितव्या मिनिटाला?"

मामी मात्र मला म्हणाल्या, "रात्री ताटावर बसले आणि म्हणाले, वरण चांगलं झालंय. मी घाबरून जावयाला फोन लावला."

मोसमाआधी मैदानावर फक्की मारून रेषा आखायच्या असतात. हे काम मामा दुसऱ्या कुणाला देत नाहीत. परवा मला मदतीला नेलं. आम्ही बाजूच्या रेषा पुऱ्या केल्या. मग मध्यावर खुंटी ठोकली. मी ती अंगठ्याने दाबून उकिडवा बसलो. मामा दोरीचं दुसरं टोक आणि फक्कीचा डबा घेऊन भोवती फिरू लागले.

"मी खूण केली होती," ते म्हणाले.

"पाहिली मी."

"किती जणांना कळली?"

मी खुंटीकडे पाहिलं. "गोल तर झाला, मामा."

"झाला." ते दोन पावलं चालले. फक्की एकसारखी पडत होती. "जावयाला कळली?"

"तो रडत होता."

"हं."

"पण लोक म्हणतात..."

"लोकांना काय. पुढच्या मोसमात मी दर रविवारी आजारी पडू?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मिशीवर हातही गेला नाही. वर्तुळ अर्ध्यावर आलं होतं. ते थांबले आणि मैदानाकडे बघत राहिले. मग डबा खाली ठेवला, हात झटकले, दोरी मोकळी सोडली.

"त्या ट्रेनरला सांग," ते म्हणाले, "पोरांना जे कळेल ते शिकव म्हणावं."

"मामा, हे पूर्ण तर करा."

त्यांनी मान हलवली. या वेळी मलाही कळलं नाही, हो की नाही. ते बाजूच्या रेषेवर पाय न देता ती ओलांडून गेले, फाटक लोटलं आणि घराच्या दिशेने वळले. मी खुंटी दाबून बसलोच होतो. माझ्या एका बाजूला पांढरं अर्धवर्तुळ होतं आणि दुसऱ्या बाजूला नुसती माती.