हिरवा ठिपका

आबांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात एक बटण होतं, आणि ते दर सेकंदाला हवेत ‘आबा’ म्हणायचं.

बटण म्हणजे नाण्याएवढं बिनतारी यंत्र. पोटात गोल सेल, वर्ष-दीड वर्ष चालणारा. कुणी ऐको न ऐको, ब्लूटूथवरून ते आपलं नाव सांगत राहतं. मी कसबा बावड्यातल्या आमच्या घरात बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी अशाच यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिते, म्हणून ही अक्कल मला सुचली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विसरायला व्हायला लागलं होतं. साखर कारखान्याचा चारचा भोंगा झाला की ते डबा मागायचे आणि कामावर निघायचे. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली. मग मी आईच्या आणि माझ्या फोनवर सोय केली. बटणाचं नाव ऐकू आलं तर हिरवा ठिपका, मिनिटभर आलं नाही तर लाल. घर आणि अंगण, एवढाच त्याचा टप्पा. आईला ते एका दिवसात पाठ झालं. सदरा धुताना बटण काढायचं, एवढं मी तिला बजावलं होतं.

तपासणीसाठी सारखं आबांना घरात-बाहेर कोण फिरवणार? मी पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा कॉम्प्युटर घेतला आणि जावास्क्रिप्टमधल्या तयार कोडच्या एका लायब्ररीने त्यालाच बटणासारखं बोलायला लावलं. दहा-बारा ओळींचं काम. नाव तेच दिलं, ‘आबा’. शहाणपणा तेवढ्यावर थांबला नाही. आमच्याकडे वीज जाते-येते, म्हणून वीज आली की प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा, हेही लिहून ठेवलं. काम संपलं की ती डबी कपाटात जायची.

एकदा एक दुरुस्ती तपासायला ती पुन्हा लावली. प्रोग्रॅम थांबवला, पिन मात्र बोर्डातच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि आली. पंखा फिरायला लागला म्हणून मला बरंच वाटलं.

चारचा भोंगा झाला. आई परसात भांडी घासत होती. तिने तिथूनच विचारलं, “बघ गं, हायत न्हवं घरात?”

आबांची खोली आठ पावलांवर होती, आणि मी फोनकडे बघितलं. ठिपका हिरवा होता.

“हायत की,” मी म्हणाले.

साडेपाचला आई चहा घेऊन गेली तेव्हा कॉट रिकामी होती. ते कारखान्याच्या वाटेवर, उसाच्या सरीत पडलेले ऊसतोडीच्या माणसांना सापडले. दवाखान्यात काही करण्यासारखं उरलं नव्हतं. त्यांना उचलणारा शेजारी म्हणाला, “अंग अजून गरम हुतं.” तो चांगल्या मनानेच बोलला. पण ते वाक्य मला अजून सुटलेलं नाही.

घरी आल्यावर मी आधी कुणाच्या नकळत डबीची पिन उपटली. दवाखान्यातून आलेला सदरा आईने न धुता ट्रंकेत ठेवला. तिसऱ्या दिवशी तिने फोन बघितला, तर ठिपका लाल.

“म्याच धुतला की सदरा आदल्या दिवशी,” ती म्हणाली. “बटण काढायचं इसरलो. पानी शिरलं, हिरव्यावरच अडकलं आनि मग बंद पडलं.”

उसातल्या बटणाचं बोलणं घरापर्यंत पोचूच शकत नाही, भिजलेलं असो की कोरडं, हे मला नाही तर कुणाला कळणार? मी मान हलवली. मी भेकड आहे.

त्यानंतर वर्षभर आई धुणं काढताना प्रत्येक खिसा उलटा करून बघायची. कधी भिजवलेले कपडे बादलीतून पुन्हा बाहेर काढून चाचपायची. आबा मला कधी स्वप्नात दिसले नाहीत. ते ओले, चाचपणारे हात मात्र झोपेतही दिसायचे.

वर्षश्राद्धाच्या आदल्या सकाळी तिने ट्रंक उघडली. मी स्वयंपाकघरात होते. तिचा आवाज आला, अगदी हळू. “आलेत गं.”

तिच्या फोनवर ठिपका हिरवा होता. मी धावत कपाटाकडे गेले. डबी तिथेच होती, वायरीशिवाय. परत आले तेव्हा आईच्या मांडीवर आबांचा सदरा होता. लोखंडी ट्रंकेतून आवाज बाहेर येत नव्हता, एवढंच. वर्षभर ते बटण आत ‘आबा, आबा’ म्हणत होतं.

आईने ते बोटांनी चाचपलं. “चालू हाय की ह्ये,” ती म्हणाली. “मग पान्यानं कायच झालं न्हवतं?”

मी सगळं सांगितलं. डबी, तिला दिलेलं नाव, बोर्डात राहिलेली पिन, आलेली वीज. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

“तुला तवाच म्हाईत हुतं?”

“व्हय.”

“वरीसभर?”

“व्हय.”

तिने सदऱ्याची घडी घातली, ट्रंकेत ठेवला आणि झाकण लावलं. ठिपका मिनिटभर हिरवाच राहिला. तो लाल होईपर्यंत आम्ही दोघी बघत बसलो.

श्राद्ध झाल्यावर तिने धुणं काढलं. एकही खिसा न चाचपता कपडे बादलीत टाकले. माझे तेवढे तिने बाजूला काढून ठेवले होते.