कपाटावरचे डबे

पिरंगुटच्या गाळ्यात बसणारे टॅक्सवाले काका पॅन कार्ड मागायच्या आधी विचारतात, "ताई, घरात किती डबे पडून हायेत?" उरवड्याच्या कंपनीतली पाळी सुटली की मी साखळी पद्धतीनं प्रोटीन पावडरचे डबे विकते; मी जोडलेल्या माणसांनी घेतलेल्या डब्यांवरही मला कमिशन मिळतं. कमिशनवर कापलेला टॅक्स परत मिळावा म्हणून दरवर्षी त्यांच्याकडं जाते. ते मान वर न करता टाइप करतात आणि मध्येच पुटपुटतात, "लेव्हल टिकवायला सोताच घ्यायचं, सोताच खायचं, अन् म्हणायचं धंदा करतुया." मला त्यांचा राग येतो, कारण ते खरं असतं.

यंदा फी द्यायला पैसे नव्हते. "डबा चालंल का?" मी विचारलं.

"ठेवा तितं कपाटावर. समद्याच ठेवतात."

कपाटावर धूळ खात वीसेक डबे होते, एकाचंही सील फोडलेलं नव्हतं. माझा डबा ठेवताना शेजारच्या डब्यावर माझ्याच नावाचा स्टिकर दिसला. जावेला या धंद्यात ओढलं, तेव्हा तो डबा मीच तिच्या गळ्यात मारला होता.

"तुमच्या जावंनंबी फीच्या बदल्यात ठेवलाय," काका स्क्रीनकडं बघतच म्हणाले. "त्याचं कमिशन तुमच्या रिटर्नात धरलंय."