मास्तरांनी राखलेला आवाज

माणूस सापडला की मास्तर आधी त्याच्या सदऱ्याची बाही धरायचे. "पुरतं ऐका तरी!" हे त्यांचं पालुपद. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दिवेआगरच्या शाळेत त्यांचा वर्ग मी शिकवायचो त्या वर्गाला लागून. मधल्या कुडातून त्यांचा इतिहास माझ्या मुलांनाही पाठ व्हायचा. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी ओटीवर ते मोठ्याने वर्तमानपत्र वाचत, आणि सगळी आळी जमे.

तीस सालानंतर कधीतरी त्यांचा आवाज बसला. ज्येष्ठमध झालं, हळदीच्या गुळण्या झाल्या. घोगरेपणा हटेना, तेव्हा मीच त्यांना बोटीने मुंबईला नेलं. डॉक्टरांनी लांब दांडीचा आरसा घशात घालून पाहिलं.

"कर्करोग आहे, पण लवकर आलात."

वाटा दोन होत्या. गळा उघडून रोग लागलेला तेवढा स्वरतंतू काढायचा. घोगरा का होईना आवाज उरेल, पण रोग उलटण्याची धास्ती राहील. नाहीतर सगळं स्वरयंत्रच काढायचं. धास्ती कमी, पण वाचा जाणार आणि श्वास मानेतल्या भोकातून.

ही दुसरी शस्त्रक्रिया झालेला रेवसचा एक कोळी त्याच वॉर्डात होता. मास्तर त्याच्यापाशी बराच वेळ बसले. त्याने नुसती भुवई हलवली, तोच त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उठली. "त्येंना तान लागलीय."

परत येऊन मास्तर म्हणाले, "त्याचं खुणांवर भागेल हो. खुणा ओळखणारं माणूस आहे. मी कोणाला खुणा करू?"

त्यांनी पहिली वाट धरली. काही दिवस मानेत नळी, आणि बोलायची बंदी. जखमेपेक्षा ती बंदीच त्यांना जड गेली. पुढे आवाज आला तो माडाच्या वाळल्या झापावर झाप घासावा तसा. "आला की नाही?" म्हणाले. डोळे भरले होते.

त्या आवाजाने वर्ग आवरेना. शाळेची नोकरी सुटली. ओटीवर लोक आले, पुढे सरकून बसले, कानामागे हात धरले. मग एकेक जण येईनासा झाला. दिवसभर राबलेली माणसं ती, त्यांना तरी काय म्हणायचं? मी जायचो. मास्तर अगदी कानाशी येऊन बोलायचे.

मग माझी बदली मुरुडला झाली. पुढल्याच वर्षी मास्तर हिवतापाने गेले. गळ्याचा रोग काही परतला नव्हता. मला कळलं तोवर तेरावाही होऊन गेला होता.

मी मुरुडला जायला निघालो त्या दिवशी ते दिघीच्या धक्क्यापर्यंत आले होते. होडी सुटली. वारा भरात होता. मास्तर काठावरून काहीतरी सांगत होते; ओठ हलताना दिसत, शब्द पोचत नव्हता. मी मान डोलावत राहिलो, आणि होडी खाडीच्या मध्यावर गेली तरी ते सांगतच होते.