हेमंतदादाचा उजवा कान

तलासरीच्या जीपची वाट बघत कासाच्या बाजारात उभा होतो, तेव्हा हेमंतदादाच्या घरून नीलिमावहिनींचा फोन आला. "किशोरभाऊ, हे गेले हो... सकाळी वाडीत चिकू उतरवून घेत होते, तिथंच खाली बसले." जीप आली, भरली, निघून गेली. मी आपला तिथंच उभा. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

डहाणूत बरेच जण हेमंतदादाला अखेरपर्यंत 'स्पीकरवाला' म्हणूनच ओळखायचे. लग्नं, पूजा, नवरात्रातला गरबा, सगळीकडे वीस-पंचवीस वर्षं त्यानं मोठाले स्पीकर लावले आणि त्यातच डावा कान गमावला. मग एके दिवशी ते सगळं बंद करून त्यानं वाडीतल्या चिकू ठेवायच्या खोलीला आतून गोधड्या लावल्या, शेजारच्या लहान खोलीत यंत्रं मांडली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. एका कानाचा माणूस रेकॉर्डिंग करणार म्हणून लोक हसले. २०१४ साली मी गिटार घेऊन त्याच्याकडे गेलो, तेव्हा माझ्याही मनात तेच होतं. मी तलासरीला शिक्षक. शाळेतल्या मुलांसाठी केलेली गाणी नीट ध्वनिमुद्रित करावीत, एवढीच इच्छा. आवाज गिटारच्या भोकातून येतो या हिशेबानं मीच माइक ओढून बरोबर भोकासमोर ठेवला. वाजवलं, ऐकलं... रिकामं पिंप बडवावं तसं घुमत होतं. आता हा काहीतरी बटणं फिरवेल असं वाटलं, पण तो उठून माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. "वाजवत राहा," म्हणाला, आणि उजवा कान गिटारकडे करून डोकं हळूहळू सरकवू लागला. जिथं गिटारची मान पोटाला मिळते, तिथून दीड वीत अंतरावर तो थांबला. डोळे मिटले. मग जिथं कान होता नेमका तिथं त्यानं माइक आणला, जरासा तिरका केला. या खेपेला तारेवर घासलेलं बोटसुद्धा ऐकू आलं, आणि घुमणं गेलं. मी चकित झालेला बघून म्हणाला, "समोरच्याचं बोलणं ऐकायला आपण त्याच्या तोंडात कान घालतो का रे? मला एकच कान, माइकलाही एकच. म्हणून आमचं पटतं."

त्याची खरी ओळख मात्र मला दोन वर्षांनी पटली. चारोटीजवळ मोटरसायकल घसरून माझं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातातला जोर गेला. तार छेडली तर शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये इतका बारीक आवाज. मी गिटार गवसणीत घालून माळ्यावर टाकली. दादा डहाणूहून घरी आला, माळ्यावरून ती स्वतः उतरवली आणि म्हणाला, "चल."

"जोरच नाही दादा, काय वाजवू?"

"जोर मी पंचवीस वर्षं ऐकलाय. तू हळू वाजव, माइक जवळ आणायचं काम माझं."

त्या दुपारी त्यानं पंखा बंद केला. माइक इंच इंच पुढे आणत, मध्येच "श्वास तोंडानं नको, नाकानं घे" असं बजावत तो घामानं निथळेपर्यंत बसला. त्या दिवशीचं गाणं आजही आमच्या शाळेत लावतात. मुलांना तेच सगळ्यांत आवडतं. मी पुन्हा वाजवायला लागलो तो त्या दुपारपासून.

गेल्या आठवड्यात वहिनींनी खोली उघडून दिली. माझी गाणी शोधताना एक अर्धवट फाईल सापडली. यंदाच्या सुरुवातीची, आपल्याकडे धरणीकंपाचे धक्के बसत होते तेव्हाची. मी लावली. वहिनी दारात उभ्या होत्या. माझी गिटार चालू आहे, आणि खालून एक घरघर चढत येते. गिटार थांबते, मी भीतीनं खुर्चीतच थिजलो होतो, ते मला आठवतं. पण मला आजवर कळलं नव्हतं ते आता ऐकू आलं. दादाच्या खोलीतून अंगणात उघडणारं दार त्याच्यापासून दोन पावलांवर होतं. तो तिकडे गेलाच नाही. चपलांचा आवाज आत येतो, जवळ येत राहतो, आणि मग अगदी माइकपाशी त्याचा आवाज... "किशोर, ऊठ! धर माझा हात!"

इतक्या वर्षांत त्यानं शेकडो लोकांचे आवाज जपले, स्वतःचा एवढाच राहिला.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. मी फाईल बंद करायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊ... परत लावा."