नवाचा एक

आकडेबाई हे नाव तिला उत्खननावरच्या मजुरांनी दिलं होतं, आणि ते कौतुकाचं होतं. जमिनीतून निघालेल्या प्रत्येक खापराच्या आतल्या बाजूला ती तांदळाच्या दाण्याएवढा थराचा आकडा घाली. आधी पारदर्शक लेप, तो वाळला की शाईने आकडा, वर पुन्हा लेप. सगळ्यात वरचा थर एक, तो अलीकडचा. सगळ्यात खालचा नऊ, तिथल्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी पहिली घरं बांधलेली.

"आकडा म्हणजे खापराचं गाव," ती म्हणे. "तो चुकला की खापर पोरकं झालं."

अकरा वर्षांपूर्वी थर एकमध्ये मासे रंगवलेल्या, रुंद तोंडाच्या एका भांड्याचे तेवीस तुकडे निघाले. तिने त्यांवर आकडे घातले, वहीत नोंद केली. दोन महिन्यांनी उत्खननाच्या संचालकांनी जाहीर केलं की भांडं थर नऊचं आहे आणि इतकं जुनं रंगीत भांडं आजवर कुणालाच मिळालेलं नाही. वहीत तर एक लिहिलाय, अशी कुणीतरी शंका काढली. संचालक हसले.

"तुकड्यांवर ढळढळीत नऊ आहे की! बाईंनी वहीत उतरवताना घोळ केला. यजमान नुकतेच गेलेत त्यांचे, डोकं ठिकाणावर कुठून असणार?"

तिने तुकडे पाहायला मागितले. तोवर भांडं जोडून कपाटात गेलं होतं आणि किल्ली संचालकांकडे होती. दुसऱ्या दिवशी तिच्या हातून लेखणी काढून घेतली आणि तिला मागच्या आवारात खापरं धुवायच्या टबांवर बसवलं. हाताला भेगा पडल्या, त्याचं तिला काही नव्हतं. पण आपण खरंच चुकलो असू, असं तिला स्वतःलाच वाटू लागलं, ते मात्र तिने संचालकांच्या खात्यावर मांडून ठेवलं.

यंदा संचालक निवृत्त व्हायचे होते. समारंभासाठी भांडं चकचकीत हवं, म्हणून गुरुवारी किल्ली तिच्या हाती आली. ओल्या कापसाने ती आतून पुसू लागली. पहिल्याच तुकड्यावर कापूस काळा झाला. नवाची डावीकडची आकडी निघून आली आणि लेपाखाली तिचा एक उरला, जसाच्या तसा. आकडी कुणीतरी लेपावरून साध्या शाईने काढली होती.

बाकीच्या बावीस तुकड्यांना तिने हात लावला नाही. कपाट बंद केलं.

घरी नणंदेने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, म्हातारा चाललाय घरी. जाऊ दे ना आता. माफ करणारा मोठा असतो."

"मला नाही मोठं व्हायचं."

"मग आजच का नाही दाखवलंस?"

"एकटीने दाखवलं असतं तर आकडा मीच बदलला म्हणाले असते. चार माणसं जमू देत."

चार नव्हे, साठ जमली. प्रमुख पाहुण्या पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत चालणाऱ्या विदुषी होत्या. भाषण संपवताना संचालकांना विनोद सुचला. "आणि या आमच्या आकडेबाई! यांच्यावर विसंबलो असतो तर हे भांडं परवाचं ठरलं असतं. पण आम्ही यांना कामावरून काढलं नाही, हं!"

लोक हसले. तीही हसली.

"आतून पाहता येईल?" पाहुण्यांनी विचारलं.

"अवश्य. बाई, उघडा कपाट."

तिने उघडलं. पदराआडून पाण्याची वाटी आणि कापूस काढला. "या तुकड्यावर एक दिसतोय ना, तो मीच गुरुवारी पुसलाय. त्यावर विश्वास ठेवू नका. शेजारचा पाहा. काय दिसतं?"

पाहुण्यांनी भिंग लावलं. "नऊ."

तिने कापूस फिरवला. एकदाच.

"एक," पाहुण्या म्हणाल्या. मग भिंग खाली करून त्यांनी संचालकांकडे पाहिलं.

संचालकांच्या गळ्यात हार तसाच होता. ते पुढे झुकून तिच्या कानाशी पुटपुटले, "बाई, कळलं सगळ्यांना. पुरे आता. इतक्या वर्षांचा संबंध आहे आपला."

"धुवायला तुम्हीच बसवलंत ना मला, साहेब?" ती म्हणाली, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. "मग नीट धुऊ द्या."

तिने कापसाचा नवा बोळा पाण्यात बुडवला, शांतपणे पिळला.

"अजून एकवीस राहिलेत."